फ्लॉरेन्समध्ये साधं हॉटेल शोधताना भेटलेले कोल्हापूरचे छत्रपती

ज्यांना कानांनी ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि चहाचा कप आपटल्याचे आवाज काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

तर झालं असं. माझा मावसभाऊ राजारामपुरीत राहतो. नोकरीला लागून चार वर्षं झाली, पैसे साठवले, आणि आता बायकोला घेऊन इटलीला निघालाय. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. बजेट बेताचं. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, फ्लॉरेन्समध्ये तीन रात्री काढायच्यात. स्वच्छ खोली, गरम पाणी, स्टेशन जवळ. बाकी काही नको. बघ की जरा."

बसलो बघत. स्टेशनजवळ सगळं महाग, म्हणून नकाशा जरा पश्चिमेला सरकवला. नदी दिसली, आर्नो. नदीकाठाने एक लांबलचक हिरवी पट्टी दिसली, ते कासीने नावाचं उद्यान. आणि ते उद्यान जिथं संपतं तिथं नदीवर एक पूल. पुलाचं नाव 'पोंते आल्ल इंदियानो'. म्हणजे 'भारतीयाचा पूल'.

भाऊ म्हणाला, "हे कुठलं इंडियन? आपलं?"

आपलंच. आणि नुसतं भारतातलं नव्हे, कोल्हापुरातलं. त्या पुलाजवळ एक दगडी छत्री आहे आणि छत्रीखाली एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. हा तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समधल्या एका हॉटेलात त्यांचा मृत्यू झाला. वय वीस वर्षं.

माझा भाऊ राजारामपुरीत वाढला, राजाराम कॉलेजात शिकला, आणि त्याला हे माहीत नव्हतं. त्याला कशाला नावं ठेवू? मलाही कॉलेज सुटल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं.

आधी राजारामांचा गोंधळ मिटवू

मराठ्यांच्या इतिहासात राजाराम बरेच आहेत, त्यामुळे घोळ होतो. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र, ताराराणींचे पती, १७०० साली सिंहगडावर वारले ते छत्रपती राजाराम. शाहू महाराजांचे पुत्र, १९२२ ते १९४० या काळात गादीवर असलेले राजाराम वेगळे. राजारामपुरी ही वसाहत त्यांच्या नावाची. आणि या दोघांच्या मधले आजचे आपले राजाराम, १८६६ ते १८७०. राज्य जेमतेम चार वर्षांचं, म्हणून पुस्तकात एका ओळीत आटोपतात. पण १८८० साली सुरू झालेल्या राजाराम कॉलेजला नाव मिळालं ते याच राजारामांचं. शाहूपुत्र राजाराम तेव्हा जन्मलेही नव्हते.

यांचं मूळ घराणं पाटणकर. कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांचे, म्हणजे ज्यांना बाबासाहेब महाराज म्हणतात त्यांचे, हे बहिणीकडून भाचे. बाबासाहेबांना मूल नव्हतं. १८६६ च्या ऑगस्टमध्ये ते वारले आणि दत्तक घेतलेले हे सोळा वर्षांचे राजाराम गादीवर आले.

आता जरा तेव्हाचं कोल्हापूर डोळ्यांसमोर आणा. १८५७ चा उठाव होऊन दहा वर्षंही झालेली नाहीत. बाबासाहेबांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय होता, म्हणून त्यांना कोल्हापुरातून उचलून थेट कराचीला नेऊन ठेवलं होतं. चिमासाहेब पुन्हा कोल्हापूर बघू शकले नाहीत. १८६९ साली ते कराचीतच गेले. म्हणजे राजाराम गादीवर असताना त्यांचे चुलते समुद्रापलीकडे नजरकैदेत होते. आणि इथं राज्याचा खरा कारभार पोलिटिकल एजंटच्या हातात. राजा सोळा वर्षांचा, त्याला काय शिकवायचं हे एजंट ठरवणार. शिकवायला एक पारशी शिक्षक, देखरेखीला गोरे अधिकारी. मुलगा हुशार होता, इंग्रजी चांगलं बोलू-लिहू लागला. आणि १८७० साली ठरलं की महाराज विलायतेला जाणार.

समुद्र ओलांडायचा म्हणजे काय होतं

आज आपण व्हिसाची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून कुरकुर करतो. तेव्हा अडचण वेगळी होती. समुद्र ओलांडला की जात जाते, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागतं, अशी समजूत. तीही साध्यासुध्या माणसांची नाही, शास्त्री-पंडितांची, दरबाराची, घरातल्या बायकांची. अशात गादीवर बसलेल्या हिंदू राजानं स्वतःहून बोटीत पाय ठेवायचा, ही फार मोठी गोष्ट होती. त्यामुळे सोबत आपली माणसं, आपलं खाणं, आपलं पूजेचं, सगळं नेलं. बरोबर कॅप्टन एडवर्ड वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी होता.

१८७० च्या उन्हाळ्यात मंडळी निघाली. सुएझ कालवा सुरू होऊन सहा-सात महिने झाले होते. जूनमध्ये लंडन. पुढचे काही महिने महाराजांनी इंग्लंड पाहिलं. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, पार्लमेंट पाहिलं, कारखाने, शाळा, नाटकं, मेजवान्या, सगळं झालं. आणि या सगळ्याची त्यांनी रोजनिशी ठेवली. इंग्रजीत.

ही रोजनिशी आजही वाचायला मिळते. महाराजांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८७२ मध्ये, त्याच कॅप्टन वेस्टनं ती संपादित करून लंडनला छापून घेतली. पण वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. ही कुलूपबंद खासगी डायरी नाही. वीस वर्षांचा मुलगा, परकी भाषा, आजूबाजूला शिक्षक आणि अधिकारी. आपलं लिखाण कुणीतरी वाचणार हे त्याला माहीत असणारच. आणि छापताना काय ठेवायचं, काय गाळायचं हे दुसऱ्याच माणसानं ठरवलं. त्यामुळे त्यात चुलत्यांबद्दल काय वाटत होतं, घरची आठवण येत होती का, रात्री झोप लागत होती का, हे शोधायला गेलात तर हाताला फारसं लागत नाही. कुठं गेलो, कोण भेटलं, काय पाहिलं, याची नोंद भरपूर. इतिहासाच्या साधनांचं हे असंच असतं. कागद बोलतो, पण कुणाच्या समोर बसून बोलतोय ते आधी बघायचं.

परतीची वाट

आता परत यायचं. पण जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांची लढाई सुरू झाली होती. सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला होता. फ्रान्समधून सरळ दक्षिणेला उतरायचं तर ती वाट बंद. म्हणून मंडळी बेल्जियम, जर्मनी करत आल्प्स पर्वताकडे निघाली. नोव्हेंबरची थंडी. कोल्हापुरात आपण डिसेंबरला रंकाळ्यावर स्वेटर घालून फिरतो आणि त्याला थंडी म्हणतो. ही आल्प्सची थंडी होती.

टायरोलमध्ये, इन्सब्रुकच्या आसपास, महाराजांची तब्येत बिघडली. संधिवाताचा त्रास होता. तिथून रेल्वेनं डोंगर उतरून इटलीत आले आणि फ्लॉरेन्सला थांबले. इटलीच्या बंदरातून बोट धरायची आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. पण आजार वाढत गेला.

त्या वेळचं फ्लॉरेन्स म्हणजे नुसतं चित्रांचं आणि पुतळ्यांचं शहर नव्हतं. ते इटलीची राजधानी होतं. १८६५ मध्ये राजधानी तिथं आणली आणि १८७१ मध्ये रोमला हलवली. मधल्या सहा वर्षांत शहराचे जुने तट पाडले, रुंद रस्ते केले, सरकारी माणसांची गर्दी झाली. महाराज पोचले त्याच्या दोनच महिने आधी, २० सप्टेंबरला, इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या होत्या. सगळं शहर राजधानी हलवायच्या गडबडीत होतं. त्या गडबडीत आर्नोकाठच्या एका हॉटेलात, आज ज्याला ओन्यिसांती चौक म्हणतात तिथं, कोल्हापूरचा राजा अंथरुणावर पडून होता.

ते हॉटेल साधं नव्हतं, चांगलं भारी होतं. पण हॉटेल ते हॉटेलच. घराचा उंबरा नाही, आजारी माणसाच्या उशाशी बसणारं घरातलं बाईमाणूस नाही, अंबाबाईच्या देवळातली घंटा ऐकू येत नाही. खिडकीतून नदी दिसते, पण ती पंचगंगा नाही. ३० नोव्हेंबरला तिथंच संपलं.

रात्रीतला प्रश्न

आता खरी अडचण इथं सुरू झाली. राजा गेला, पुढं काय?

बरोबरच्या हिंदू मंडळींपुढं प्रश्न सरळ होता. दहन झालं पाहिजे, आणि तेही लवकर. पण १८७० च्या इटलीत प्रेत जाळणं ही गोष्टच नव्हती. कॅथलिक देश, पुरण्याची रीत. शहरात स्मशानघाट नावाचा प्रकार नाही. याच टस्कनी प्रांताच्या किनाऱ्यावर १८२२ मध्ये शेली या इंग्रज कवीला जाळलं होतं, पण ते समुद्रात बुडून वाहून आलेलं प्रेत होतं, साथीच्या रोगांबाबतच्या नियमांमुळे तसं करावं लागलं. इटलीत दहनासाठी खास जागा बांधून रीतसर दहन झालं ते पुढं १८७६ मध्ये, मिलानला. म्हणजे आपली माणसं जे मागत होती ते तिथल्या कायद्यात आणि रीतीत बसतच नव्हतं.

डोळ्यांसमोर आणा जरा. राजा गेलेला. भाषा येत नाही. ज्यांच्याकडे परवानगी मागायची त्यांना मागणी कशाची आहे हेच कळत नाही. पुरून टाका म्हटलं असतं आणि यांनी मुकाट्यानं मान डोलावली असती, तर कुणी काय करू शकलं असतं? पण ही माणसं अडून राहिली. इंग्रज वकिलातीमार्फत खटपट झाली, इटलीचं सरकार आणि फ्लॉरेन्सची नगरपालिका यांनी परवानगी दिली. रात्री, गावाबाहेर, कासीने उद्यानाच्या पार टोकाला.

जागाही बघा कुठली निवडली. तिथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. संगम! आपल्याकडे चिखलीचा प्रयाग, नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगा. संगमावर दहन म्हणजे पुण्य, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. हजारो मैलांवर, मध्यरात्री, परक्या शहरात त्यांनी संगम शोधला. लाकडं रचली आणि विधी करून राजाला अग्नी दिला. रात्रीची वेळ असूनही शहरातले लोक बघायला जमले होते. असं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त आठवतात ती ही माणसं. त्यांची नावं आपण पाठ केलेली नाहीत. राजाच्या सोबत गेलेले नोकर-चाकर, कारकून, पुजारी. पुढं घरी गेल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांनाही लोकांची बोलणी ऐकायची होती. तरी त्यांनी आपल्या माणसाचं शेवटचं काम आपल्या पद्धतीनं करून घेतलं.

मग पुतळा, मग पूल

चार वर्षांनी, १८७४ मध्ये, त्या जागेवर स्मारक उभं राहिलं. फ्लॉरेन्समध्ये राहणारा इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर यानं अर्धपुतळा घडवला. वरची भारतीय पद्धतीची छत्री मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्याची. मँट हे नाव कोल्हापूरकरांना अनोळखी नसावं. आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा याच मँटच्या डोक्यातून उतरलेले. म्हणजे भाऊसिंगजी रोडवरून जाताना टाऊन हॉलच्या कमानी बघता ना, त्याच हातानं आर्नोकाठची ती छत्री काढलीय.

फ्लॉरेन्सच्या लोकांना 'छत्रपती राजाराम महाराज' उच्चारणं काही जमेना. त्यांनी सोपं केलं, 'लिंदियानो', म्हणजे तो भारतीय. स्मारक 'इंदियानो', शेजारची इमारत 'इंदियानो', आणि १९७० च्या दशकात तिथं तारांनी तोललेला मोठा पूल झाला, तोही 'इंदियानो'. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. ट्रॅफिकच्या बातम्यांत नाव येतं. चालवणाऱ्या कितीजणांना कोल्हापूर माहीत असेल?

आणि कोल्हापुरात काय झालं? महाराजांना मुलगा नव्हता. पुन्हा दत्तक. दत्तक आलेले शिवाजी महाराज लहान होते, पुढं त्यांना मानसिक आजारी ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं, आणि १८८३ मध्ये तिथंच त्यांचा मृत्यू झाला. कराची १८६९, फ्लॉरेन्स १८७०, अहमदनगर १८८३. चौदा वर्षांत कोल्हापूरच्या घराण्यातल्या तिघांनी घराबाहेर प्राण सोडले. त्यानंतर, १८८४ मध्ये, कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेला नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे आपले शाहू महाराज. १९०२ मध्ये तेही विलायतेला गेले. तिथं असतानाच २६ जुलैला मागासलेल्या जातींसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा त्यांचा प्रसिद्ध हुकूम निघाला. विलायत पाहून घरी परतलेला छत्रपती काय करू शकतो, ते कोल्हापूरनं तेव्हा पाहिलं. राजाराम परत आले असते तर काय केलं असतं, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पण आपल्याला ते विचारायची संधीच मिळाली नाही, एवढं खरं.

आता भावाचं हॉटेल

बरं, मूळ काम राहिलंच. ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी, भावासाठी आम्ही जे ठरवलं ते सांगतो.

फ्लॉरेन्सचं मुख्य स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला. त्याच्या आजूबाजूला छोटी हॉटेलं बरीच आहेत. बहुतेक जुन्या वाड्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. खाली मोठा लाकडी दरवाजा, बाजूला बेलची पाटी, वर सात-आठ खोल्या. लिफ्ट आहे का, हे बुक करतानाच विचारा. कधी नसते, कधी इतकी लहान असते की बॅग आत आणि तुम्ही जिन्यात. खोलीच्या भाड्याशिवाय नगरपालिकेचा कर असतो, माणशी, रात्रीमागे. तो बहुधा हॉटेलातच वेगळा द्यावा लागतो, म्हणून बजेटमध्ये आधीच धरा. पोचल्यावर पासपोर्ट मागतील, घाबरू नका. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं हा तिथला कायदाच आहे. सोमवारी उफित्झी चित्रसंग्रहालय बंद असतं, त्यामुळे मुक्काम ठरवताना वार बघा.

आणि एक दुपार मोकळी ठेवा. स्टेशनवरून आधी चालत ओन्यिसांती चौकात जा, दहा मिनिटं लागतात. तिथल्या चर्चमध्ये बोत्तिचेल्ली या थोर चित्रकाराची समाधी आहे. नदीकडे तोंड करून जरा उभे राहा. याच चौकात आपला राजा गेला. मग ट्राम पकडून कासीनेला उतरा आणि नदीच्या कडेनं पश्चिमेला दोन-तीन किलोमीटर चालत राहा. मंगळवारी सकाळी गेलात तर उद्यानात मोठा बाजार भरलेला असतो, आपल्या आठवडी बाजारासारखाच. झाडी संपते तिथं छत्री दिसेल.

व्हिसाचे कागद भरताना भावानं प्रवास विम्याची पॉलिसी मोठ्यानं वाचून दाखवली. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. दवाखान्याचा खर्च, आजारी माणसाला मायदेशी आणणं, आणि मृत्यू झाला तर त्याचीही तरतूद. एरवी आपण हे कलम न वाचता पुढं जातो. त्या दिवशी दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. १८७० मध्ये हे कलम म्हणजे मध्यरात्री परवानगीसाठी धावणारी चार माणसं होती.

जायला जमणार नसेल तर

इटली सगळ्यांना परवडत नाही, मलाही सध्या नाही. मग टाऊन हॉल म्युझियममध्ये जा. मँटनं बांधलेली इमारत बघा, आणि आत एक छोटी ब्राँझची मूर्ती शोधा. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४० च्या दशकात सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडून व्यापारी मालासोबत आलेली. म्हणजे त्यांचा समुद्रदेव आपल्या नदीकाठी आणि आपला राजा त्यांच्या नदीकाठी. दोघंही एकमेकांच्या गावात मुक्कामी राहिले ते राहिलेच.

भावाचं बुकिंग झालं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, सकाळचा नाश्ता भाड्यात. जाताना काय न्यायचं ते त्याच्या आईनं ठरवलंय, चटणी-भाकरी आणि काळं तिखट. मी एकच गोष्ट सांगितली. निघायच्या आधी पंचगंगा घाटावर जाऊन ये, आणि तिकडे पोचलास की छत्रीखाली दोन मिनिटं थांब. फोटो काढ, पण आधी चप्पल काढ.

तुमच्यापैकी कुणी तिथं जाऊन आलं असेल तर आम्हाला आवाजी मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि पुढचा भाग कराचीचा. चिमासाहेबांचा. भेटू, काळजी घ्या.